बांधातली घोरपड

१ डिसेंबर
पतपेढीने जानेवारीत दिलेली डायरी कपाटात कोरीच पडली होती. वर्ष संपत आलं, वाया जायला नको, म्हणून आजपासून लिहायला घेतो. मी हिरामण, एस.टी.त कंडक्टर होतो. भिवंडी डेपो, बहुतेक वर्षं वज्रेश्वरीची गाडी. रिटायर झालो तरी पहाटे आपोआप जाग येते आणि मग करायला काही नसतं.

आज विशेष म्हणजे मुलगा भावेश याने जेवताना सांगितलं की घरामागचं शेत गोडाऊनला द्यायचं नक्की झालं. विशाल म्हणून एजंट आहे, त्याच्याकडे पार्टी आहे. आजूबाजूच्या सगळ्यांनी दिलं, आपलंच मध्ये राहिलंय, लोक हसतात, असं भावेश म्हणाला. मला पटलं. संक्रांतीच्या आत जेसीबी येणार, बांध काढणार, जमीन सपाट करणार. शेत माझ्या नावावर आहे, तेव्हा सही माझी. मी हो म्हटलं.

हौसाने, म्हणजे माझ्या बायकोने, एवढंच विचारलं, "वालांचं काय?" भात कापल्यावर नेहमीसारखे तिने वाल पेरलेत. भावेश म्हणाला, "आई, वाल काय बाजारात भेटतात." ती भांडी उचलून आत गेली. तिची हरकत नाही असं दिसतं. बरं झालं. दुसऱ्यांच्या घरात अशा वेळी बायका फार कटकट करतात.

३ डिसेंबर
सकाळी चहा देताना हौसा म्हणाली, "बांधात घोरपड हाय."

"कुठल्या बांधात?"

"आपल्याच. दिवालीच्या आधी आत शिरताना बघितली. आता होलीपर्यंत न्हाय उठायची. झोपलेल्या जिवावर जेसीबी घालाल तर सगले भोगाल."

कुठल्या बिळात शिरली विचारलं, तर आठवत नाही म्हणाली. या बाईला शेतातलं उंदराचं बीळसुद्धा पाठ आहे. मी ड्युटीवर असायचो, त्यामुळे लावणी, कापणी, झोडणी सगळं तिनेच केलं. मला तर कुठला बांध कुठे वळतो तेही धड सांगता यायचं नाही. आता तीच विसरायला लागली म्हणजे वय झालं.

भावेश हसला, पण मनापासून नाही. भूमिपूजनाच्या तोंडावर नसतं पाप कशाला, असा त्याचा स्वभाव आहे. शेवटी ठरलं की घोरपड कुठे झोपली आहे ते शोधायचं, हळूच उचलायची आणि वज्रेश्वरीच्या बाजूला रानात सोडायची. शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. बऱ्याच दिवसांनी ड्युटी लागली.

५ डिसेंबर
माहिती काढतो आहे. घोरपडी, सरडे, सापसुरळ्या थंडीत जातात कुठे, हे आयुष्यात कधी मनात आलं नव्हतं. पावसाळ्यात दिसतात, थंडीत दिसत नाहीत. गाडी बंद असली की प्रवासी डेपोत का दिसत नाहीत, असं आपण कुठे विचारतो?

सून मृणाली हिने मोबाईलमध्ये बघून सांगितलं की अमेरिकेत जास्त थंडी पडली की मोठाले सरडे गारठून झाडावरून टपाटप खाली पडतात. मी आपल्या आंब्याखाली बराच वेळ उभा राहिलो. काही पडलं नाही.

नाक्यावर विचारलं. एक जण म्हणाला, वारुळात. दुसरा म्हणाला, दगडांच्या ढिगात. टपरीवाला राघो म्हणाला, "ह्या दिवसात त्या वज्रेश्वरीला कुंडाकडं जातात. जमीन गरम असते ना तिथं. गुडघेदुखीवाले जातात तशा." राघो थापाड्या आहे. त्या रस्त्यावर मी इतकी वर्षं काढली, माझ्या गाडीत तरी कधी चढली नाही.

८ डिसेंबर
सगळे बांध काठीने तपासले. एक बेडूक, सापाची कात आणि हौसाचा हरवलेला विळा सापडला. एका दगडाखाली सापसुरळी होती, बोट लावलं तरी हलली नाही. मेली समजून उन्हात ठेवली, तर थोड्या वेळाने डोळा उघडून माझ्याकडे रागाने बघितलं आणि चालती झाली. म्हणजे झोपतात हे खरं आहे.

हौसा वालात खुरपत होती. मी काठी घातली की तिथूनच ओरडायची, "तिथं न्हाय! तिथं पण न्हाय!" घोरपड कुठे आहे ते तिला आठवत नाही, पण कुठे नाही ते बरोबर ठाऊक आहे. स्मरणशक्तीचं असंच असतं.

११ डिसेंबर
युक्ती केली. काल संध्याकाळी चुलीतली राख बांधाच्या कडेने पसरली. आज सकाळी बघतो तर ठसे! मध्ये शेपटीची लांब रेघ, दोन्ही बाजूंना पायांचे पंजे. अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर आजपर्यंत मला थोडी शंका होती.

प्रत्येक पंजाला चार नखं आहेत. एका ओळीत, सारख्या अंतरावर, फार व्यवस्थित. रेघ बांधाच्या दगडांपर्यंत जाते आणि तिथे एक बीळ आहे. त्या दिवशी काठीने तपासताना हे बीळ मला दिसलं नव्हतं. माझीच नजर कमी झाली असणार.

जेवताना सगळ्यांना सांगितलं. भावेश गंभीर झाला. मृणाली म्हणाली, "बाबा, चार नखं? मोबाईलमध्ये तर पाच दाखवतात." हौसाला जोराचा ठसका लागला. पाणी दिलं.

१२ डिसेंबर
आजच्या ठशांना पाच नखं आहेत. पाचवं जरा बाजूला आणि खोल आहे.

दोन घोरपडी असाव्यात. एकीचं नख कशात तरी अडकून गेलं असेल. पण झोपलेली असेल तर चालते कशी, हा प्रश्न राहतोच. हौसाला विचारलं तर म्हणाली, "मानसं न्हाय का झोपंत चालत?" हे खरं आहे. आमच्या डेपोत एक ड्रायव्हर होता, विश्रांतीगृहात झोपला की पहाटे वर्कशॉपमध्ये सापडायचा.

ठशांच्या शेजारी हौसाच्या चपलेचा ठसा पण आहे. राखेत फिरू नको, पुरावा बिघडतो, असं तिला बजावलं. बरं म्हणाली. हल्ली फार ऐकते.

१७ डिसेंबर
आज दुपारी हौसा आणि मृणाली मागच्या पडवीत एकमेकींना खेटून बसल्या होत्या आणि हसत होत्या. या दोघी भांडत नाहीत म्हणून मी दोघींची तब्येत विचारली. बरी आहे म्हणाल्या.

मृणालीचं माहेर काल्हेरकडे. तिथे आता सगळीकडे गोडाऊनच गोडाऊन. ती म्हणत होती, "आमच्या आईनं अंगणात कपडे वाळत घालायचं सोडलं, आई. दिवसभर कंटेनर. धुतलेलं परत धुवायचं." हौसा वालाच्या वेलाकडे बघत बसली. बायकांचं कपड्यांकडे फार लक्ष असतं.

भावेशच्या लग्नात आहेर आलेल्या डिनर सेटमधला एक काटा हरवला आहे. मृणालीने मांजरावर आळ घेतला. मांजर काटा कशाला नेईल? पण माझ्याकडे एकच तपास पुरेसा आहे.

२० डिसेंबर
मी वनखात्याला फोन केला. घोरपड पकडणं, हलवणं हा गुन्हा आहे असं नाक्यावर कळलं. आपण परस्पर उचलून वज्रेश्वरीला सोडली असती तर पंचाईत झाली असती. नियम म्हणजे नियम. लग्नानंतर हौसाला पहिल्यांदा माझ्याच गाडीतून घरी आणलं, तेव्हा तिचंही तिकीट फाडलं होतं. तिच्या माहेरी अजून सांगतात.

फोन केल्याचं अभिमानाने घरी सांगितलं. हौसाचा चेहरा एकदम पडला. "कुणी सांगितला तुमाला शहाणपणा कराया? घरातली गोष्ट घरात राहिली असती ना!" असं म्हणून परात इतक्या जोरात ठेवली की शेजारचा महादू बघायला आला.

मी नियमाने वागलो तर राग का यावा? तिच्या घोरपडीसाठीच केलं ना?

२४ डिसेंबर
विशाल एजंट येऊन गेला. मोठी गाडी, पांढरे बूट. राखेत पाय घालणार होता, मी अडवलं. तो म्हणाला, "काका, पार्टी सुनती नहीं है. संक्रांतीच्या आत क्लिअर जागा पायजे, न्हायतर ते पडघ्याच्या बाजूची बघतात. जनावर असेल तर फॉरेस्टवाले घेऊन जातील, त्यात काय?" भावेशने मान हलवली. वनखात्याची माणसं आली, घोरपड घेऊन गेली, की काम मोकळं.

हे सगळं हौसा दाराआडून ऐकत होती. रात्री जेवली नाही. ॲसिडिटी असेल. ओवा दिला.

१ जानेवारी
यंदा पतपेढीने डायरी दिली नाही. जुन्यातच जानेवारीच्या पानावर लिहितो. वार चुकीचे छापलेत, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

५ जानेवारी
वनरक्षक रुचिका मॅडम परवा येणार असा फोन आला. बीळ उघडून बघणार, घोरपड असली तर माणसं आणून नेणार, नसली तर "नाही" असा कागद देणार. दोन्हीकडून भावेशचं काम होतं, म्हणून तो खूश आहे.

हौसाने दिवसभरात मला तीनदा विचारलं, "मॅडमना ठसे कलतात का वो?" मी म्हटलं, त्यांचं शिक्षणच ते. ती वालात जाऊन बसली. वालाला फुलं आलीत, पांढरी, काही जांभळट. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. खुरपं हातात होतं, पण खुरपताना दिसली नाही.

७ जानेवारी
नेहमीसारखी पहाटे जाग आली. हौसा अंथरुणात नव्हती. थंडी कडक होती, म्हणून शाल घेऊन मागे गेलो.

उजाडत होतं. हौसा बांधावर होती. लुगड्याचा काष्टा घातलेला, अनवाणी, कमरेत वाकलेली. एका हातात दोरी, ती राखेतून ओढत होती. दुसऱ्या हातात मृणालीच्या डिनर सेटमधला काटा. तो ती राखेत दाबायची, मग दाभण काढून बाजूला पाचवं नख टोचायची, मग एक पाऊल मागे सरकून स्वतःच्या पायाचा ठसा हाताने पुसायची. अशी उलट्या पावली चालली होती. तिचे गुडघे धरलेले आहेत, तिला जिना चढवत नाही. मध्ये मध्ये थांबून गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणायची.

मी हाक मारली नाही. शाल तशीच हातात घेऊन परत फिरलो आणि चहा ठेवला.

राग आला नाही. तो यायला पाहिजे होता, वाट पण बघितली, आला नाही. लाज वाटली. एवढी वर्षं ज्या बाईने ते शेत अंगाखांद्यावर सांभाळलं, तिला ते हवं आहे की नको हे मी विचारलं नाही, भावेशनेही नाही. आणि तिला सरळ "नको" म्हणायची सोय नव्हती, म्हणून या वयात पहाटेच्या थंडीत घोरपड व्हावं लागलं. माझं डोकं कशाने भरलंय देव जाणे. चार नखांची घोरपड!

आता पुढचं.

अकरा वाजता रुचिका मॅडम आल्या. वयाने लहान, भावेशपेक्षाही. बुटाला चिखल, हातात बॅटरी. ठशांपाशी उकिडव्या बसल्या, बराच वेळ. एका ठशावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. हौसा पदर तोंडाला लावून उभी. मृणाली तिच्या मागे. भावेश आणि विशाल दुसऱ्या बाजूला, विशालचे बूट आज काळे होते.

मॅडमनी विचारलं, "ही दोन पाय टाकते आणि थांबते का?"

या वेळी ठसका मृणालीला लागला.

त्यांनी बॅटरी बिळात मारली. बीळ आत वळलेलं. म्हणाल्या, "दिसत नाही. काठी घालता येणार नाही, असेल तर दुखापत होईल. या दिवसात त्या वारुळात, कपारीत, अशा बिळात पडून असतात. आपल्याकडे थंडी कमी, म्हणून पार बेशुद्ध नसतात, पण अंग गार पडतं. खाणं बंद. शेपटीत साठवलेल्या चरबीवर काढतात दिवस."

"बरं हाय तिचं," हौसा पुटपुटली.

मॅडम उठल्या, हात झटकले. त्यांनी हौसाकडे बघितलं, वालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, ठशांवरून मला काही लिहिता येणार नाही. कोणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असेल तर मी नोंद करते, आणि ऊन वाढून ती बाहेर येईपर्यंत इथे खोदकाम करू नका असं लेखी देते. नाहीतर आत्ता खणून बघू. पाहिली आहे कोणी?"

हौसाने तोंड उघडलं. भावेश लगेच म्हणाला, "आईचं सोडा मॅडम, तिला चष्म्याशिवाय दिसत न्हाय. बाबांना विचारा. बाबा खोटा बोलत न्हाय, अख्ख्या गावाला म्हाईत हाय." विशालनेही मान डोलावली. मग भावेश मला म्हणाला, "सांगा बाबा, तुमी बघितली का?"

हौसा माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती. तिच्या पायाच्या बोटांमध्ये राख होती.

"बघितली," मी म्हटलं.

"कधी?"

"आजच. पहाटे."

"केवढी?"

मी हात पसरले. जरा जास्तच पसरले असावेत, कारण मॅडमच्या भुवया वर गेल्या. पण त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

भावेशचा चेहरा बघवत नव्हता. विशाल गाडीत जाऊन फोनवर बोलत बसला.

१५ जानेवारी
संक्रांत झाली. पार्टी पडघ्याच्या बाजूला गेली. भावेश माझ्याशी बोलत नाही. तिळगूळ दिला, तोही मृणालीच्या हातून पाठवला. त्याला वाईट वाटणं साहजिक आहे, त्याने पुष्कळ मनोरे बांधले होते. पण मला पश्चात्ताप होत नाही. दोनदा तपासून बघितलं.

डिनर सेटमधला काटा सापडला. मृणालीने सांगितलं, मांजराने परत आणला.

१९ जानेवारी
हौसा दुपारी शेंगा निवडत होती. मी शेजारी बसलो. सहसा बसत नाही, त्यामुळे ती सावध झाली.

अर्धं सूप निवडून झाल्यावर म्हणाली, "तुमी खरंच बघितली?"

"हो."

"कुठं?"

"बांधावर. उलट्या पावली चालत होती. गुडघे दुखत होते तिचे."

हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने पदर ओढून घेतला. रडते की हसते ते कळेना. दोन्ही असावं.

"मंग हाक का न्हाय मारली?"

"पळून गेली असती," मी म्हटलं.

"कुठं पलनार? गुडघं बघितलं ना तिचं!" आणि माझ्या मांडीवर एक सणसणीत चापट मारली. अजून झोंबते आहे. मग सूप माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, नुसतं बसू नका, किडक्या बाजूला काढा. काढल्या. मला किडकी कुठली आणि चांगली कुठली ते नीट कळत नाही, तिने सगळ्या परत निवडल्या.

२ फेब्रुवारी
भावेश आज बोलला. ओट्यावर येऊन बसला, इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला, "बाबा, दुसरी पार्टी हाय. होलीनंतर पण चालंल बोलते. देऊन टाकायची का जागा?"

सही माझीच लागते. मी म्हटलं, "आईला विचार."

"आईला काय विचारायचं?"

"मला विचारलंस तेच."

त्याला वाटलं मी चेष्टा करतो आहे. मी चेष्टा करत नाही हे कळल्यावर तो उठून शेतात गेला. मी ओट्यावरून बघत होतो. हौसा खाली बसून शेंगा खुडत होती. त्याने विचारलं. तिने मान वर करून त्याला परत विचारायला लावलं. ऐकू आलं नसेल असं नाही, तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्याने परत विचारलं.

ती उठली. दोनदा प्रयत्न करून, कमरेला हात लावून. अख्ख्या शेतावरून नजर फिरवली.

"न्हाय," म्हणाली. ओट्यापर्यंत ऐकू आलं.

भावेशने पायाने एक ढेकूळ फोडलं. मग परत आला. "न्हाय म्हनते."

"मग नाही," मी म्हटलं.

तो आत गेला. हौसा अजून तशीच उभी होती, हातातल्या शेंगा न ठेवता. मग तिने आणखी एकदा, जरा हळू, म्हटलं, "न्हाय." आता समोर कोणीच नव्हतं.